कोरडं घर

रक्षानं झाकण न उघडताच प्लेट दिव्यासमोर धरली आणि मला जवळ बोलावलं. तळहातात मावेल एवढी ती प्लेट, आत गोठलेला पिवळट थर आणि त्यावर मोजे घातलेल्या माझ्या उजव्या हाताच्या पाच बोटांचे ठसे. तर्जनीच्या ठशाच्या कडेला एक करडा, ओलसर ठिपका उगवला होता, शिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्यासारखा. त्याच्या शेजारी आणखी एक, बारका. रक्षा आमच्या कंपनीत जंतू तपासायचं काम करते. मूळची साकोलीची, तिच्या वडिलांचं तिथे धान्याचं दुकान आहे. माझं गाव सानगडीच्या अलीकडचं. हैदराबादेत एवढ्या अंतराला शेजारच म्हणतात. तिनं प्रयोगशाळेचं दार लोटलं आणि आमच्याकडच्या बोलीत विचारलं, “गावाले गेला होता का रे तू?” मी हो म्हटलं. तलावात उतरला होतास का, असं तिनं विचारलं. उतरलो नव्हतो. अंगणात बसून, शेजाऱ्यांनी वापरून आणलेलं बाबांचं ओलं जाळं साफ केलं होतं, त्यात अडकलेलं शेवाळ आणि गोगलगायी काढल्या होत्या. “मग तेच,” ती म्हणाली, “पाण्यातला जंतू आहे हा. मासोळीच्या अंगावर असतो.” हे तिनं इतक्या हळुवारपणे सांगितलं की मला त्या हळुवारपणाचाच राग आला. जंतूला गाव नसतं, असं मी इतकी वर्षं समजून चाललो होतो.

आमच्या कारखान्यात औषध बनवत नाहीत, वाढवतात. मोठ्या बंद टाक्यांत जिवंत पेशी पोसायच्या, त्या जे औषध पाण्यात सोडतात ते गाळून घ्यायचं, असा साधा व्यवहार. मी तिथला प्रोसेस इंजिनिअर. पेशींना हवा किती, खाणं किती, ढवळायचं किती, छोट्या टाकीत जमलेलं मोठ्या टाकीत कसं जमवायचं, हे माझं काम. एकदा बाबांनी विचारलं होतं की तुमच्या टाकीत असते तरी काय. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “म्हंजे मासोया फेकून देता अन् पानी ठेवता.” यावर माय इतकी हसली की तिच्या हातातला तवा चुलीवर आपटला. मीही हसलो, पण मनात म्हटलं, आमच्या वार्षिक सादरीकरणात एवढं नेमकं वाक्य अजून कोणी लिहिलेलं नाही.

नागपूरला बी.टेक. करताना आम्ही एका जुन्या काचेच्या भांड्यात वर्षानुवर्षं यीस्टच फुगवत होतो. त्या भांडवलावर हैदराबादेत लशीच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो. तिथे सुरुवातीला मिठाची आणि साखरेची पोती फोडायची, द्रावणं कालवायची, टाक्या धुवायच्या. मग कालवायचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि माझ्याकडे यंत्राचे आकडे आले. मग कंपनी बदलली, मग पेशी आल्या. लोक नोकरीतल्या प्रगतीला शिडी म्हणतात. मला ती कधी वर गेलेली दिसली नाही, आत जाताना मात्र दिसली. प्रत्येक बढतीबरोबर मी एक दार आत गेलो. पहिल्या दारापाशी चपला काढायच्या. दुसऱ्यापाशी घड्याळ, अंगठी, गळ्यातला दोरा आणि घरचे कपडे. तिसऱ्यापाशी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, तोंडावर पट्टी, डोळ्यांवर चष्मा, हातात एकावर एक दोन मोजे, आणि मग हात छातीसमोर वर धरून उभं राहायचं. कशालाही लावायचे नाहीत, स्वतःलासुद्धा नाहीत. मागचं दार पुरतं बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही, तशी यंत्रणाच आहे. त्या दोन दारांमधल्या खोलीत हवेचा आवाज तेवढा असतो. नवे लोक तिथे घाबरतात. मला तिथे बरं वाटायचं, कारण मी कुठून आलो हे विचारायला तिथे कोणी नसायचं.

आता दोन हजार लिटरच्या टाकीची नवी लाइन उभी राहत होती आणि ती माझ्या हाती द्यायचं ठरलं होतं. अट एकच. पांढरा सूट घालायची परीक्षा दर वर्षी द्यावी लागते, ती पास हवी. सूट घालून बाहेर यायचं, मग बोटं, मनगट, छाती, कपाळ अशा जागी प्लेट टेकवतात आणि काही उगवतं का बघतात. तीनदा नापास झालात की आतली दारं कायमची बंद. मग टेबलावर बसून दुसऱ्यांनी चालवलेल्या बॅचचे कागद तपासत निवृत्त व्हायचं. असे दोन गृहस्थ आमच्याकडे आहेत. सगळे त्यांना फार आदरानं वागवतात, आणि जेवायला त्यांच्या टेबलावर कोणी बसत नाही.

त्या ठिपक्यांनी मी पहिल्यांदा नापास झालो, आणि मला हात धुण्याचं वेड लागलं. घरी, ऑफिसात, बसमधून उतरल्यावर, जेवणाआधी आणि जेवताना मध्येच उठून. नखांच्या कडा ब्रशनं घासायचो. नाकाला मासोळीचा वास यायचा, तो खरंच होता की नाही देव जाणे. लहानपणी शाळेत वर्गातली पोरं माझा हात हुंगून बघायची. तेव्हा मी कडुलिंबाचा पाला चोळून जायचो. ते सारं मी विसरलो आहे अशी माझी ठाम समजूत होती. पंधरवड्यानं दुसरी परीक्षा दिली. या वेळी पाण्यातलं काही नव्हतं, पण पांढऱ्या ठिपक्यांनी प्लेट भरली होती. रक्षानं माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. कातडी फाटली होती, पापुद्रे सुटले होते. घासून घासून तू स्वतःच गळायला लागला आहेस, आणि जे गळतं त्यावर जंतू बसून येतात, असं तिनं सांगितलं. आता घासायचं नाही, गरम पाण्यात घालायचं नाही, मलम लावायचं आणि हातांना त्यांच्यावर सोडून द्यायचं. “एकही ओरखडा चालणार नाही आता,” ती म्हणाली. “ओरखडा दिसला की पहिल्याच दारातून परत पाठवतील, अन् तेही नापासातच धरतील.” तिसरी परीक्षा सोमवारी होती. त्याच्या आधीच्या शनिवारी आमच्या तलावाची पहिली ओढ होती.

बाबांचा फोन आला तेव्हा मी हातांना मलम लावून पंख्याखाली बसलो होतो. एवढंच म्हणाले, “शनिवारी ओढ हाय. येशीन ना?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? उन्हाळ्यात तलावाचं पाणी मध्यावर गोळा होतं तेव्हा आम्ही ढिवर लोक मोठं जाळं टाकतो. ती पहिली ओढ. त्या दिवशी प्रत्येक घरचा एक माणूस पाण्यात हवा, घरचाच हवा. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष काठावर उभा राहून एकेका घराला आवाज देतो, पाण्यातून ‘हाव’ म्हणजे ‘हो’ असा हुंकार येतो, आणि ते घर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तलावाचं राहतं. हुंकार आला नाही तर ते कोरडं घर. कोरड्या घराला वर्षभर मासोळी धरायची पाळी नाही, आणि कोणी त्याच्या दारात मासोळी नेऊन देत नाही. टेकचंद नागपूरला गेला आणि दोन वर्षं आला नाही, तर लोक आता ‘टेकचंदचं घर होतं’ म्हणतात. घर जागच्या जागी आहे. टेकचंदची म्हातारी दारात बसलेली असते, आणि तिच्यासमोरच म्हणतात. परसाल बाबांचा उजवा हात आणि पाय लकव्यानं गेला. म्हणून तेव्हा मी उतरलो होतो. छातीभर पाण्यात, खांद्यावर दोर, पायाखाली गाळ. सगळ्यांनी एकदम जोर लावला की आपल्या जोरातला आपला वाटा कुठला ते कळत नाही. त्या दिवशी मला झालेला आनंद मी हैदराबादेत कोणाला सांगितला नाही. सांगण्यासारखा तो नव्हताच. बोटांना नायलॉनच्या दोऱ्यानं चिरा पडल्या होत्या, मागूर मासोळीचा काटा अंगठ्यात घुसला होता, आणि मी लहान पोरासारखा हसत होतो.

शुक्रवारी दुपारी साकोलीला उतरलो. बसस्टँडवर उन्हानं डांबर मऊ झालं होतं, आणि सानगडीच्या बसमध्ये मी वरचा दांडा न धरता दोन पायांवर तोल सांभाळत उभा राहिलो. शेजारच्या बाईनं मला दारू प्यालेला समजून पोरीला पलीकडे घेतलं. घरी न जाता आधी परसरामकाकांकडे गेलो, तेच सध्या सोसायटीचे अध्यक्ष. माझ्या बदली माणूस देतो म्हटलं, धडधाकट, पोहणारा. काकांनी मला पाणी दिलं, नोकरीची चौकशी केली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मानूस कितीबी भेटते रे बाबू. पन मी आसारामचं घर म्हनून आवाज देईन, तवा हाव कोन म्हनन? तो भाड्याचा?” यात चिडण्यासारखं काही नव्हतं. आमच्या कारखान्यातही माझ्या बदली दुसऱ्याची बोटं प्लेटवर टेकवून चालत नाही. हे मला तिथे बसल्या बसल्या सुचलं आणि मी पेला खाली ठेवून उठलो.

माय वाट पाहत होती. मी तिला हात लावू दिला नाही, प्रवासाचा आहे म्हटलं, आणि तिनं लांबूनच माझ्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. रश्शातली मरळ मी चमच्यानं खाल्ली. आमच्या घरात मासोळी चमच्यानं खाणारा मी पहिलाच. काटे काढता येईनात, तेव्हा माय समोर बसून काटे काढून देऊ लागली, आणि तीस वर्षांचा असून घास भरवून घेतोय असं मला वाटलं. तिला सगळं सांगितलं. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेले नाहीत हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. थोड्या वेळानं तिकडूनच त्यांनी विचारलं, “एका दिवसानं काय होते?” दोरा कापतो, काटा लागतो, नखात गाळ जातो, आणि मग ते आत घेत नाहीत, असं मी म्हटलं. “अन् सोमवारी नाही घेतलं त?” मग कधीच नाही, बाबा. त्यांनी हंऽ केलं. आमच्या घरात वाद असा कधी झालाच नाही, बाबांच्या हंऽपाशी सगळं थांबतं. माय उठून ताटं घेऊन गेली आणि मागे परसात बराच वेळ भांडी वाजत राहिली.

सकाळी आम्ही तिघे तलावाच्या पाळीवर, बांधावर गेलो. बाबा काठी टेकत, उजवा पाय मातीत ओढत. त्यांनी जुनं धोतर गुडघ्यावर खोचलं होतं, पण गावातले सगळेच म्हातारे ओढीला असं खोचून येतात, म्हणून मला त्यात काही दिसलं नाही. तलाव आटून मध्यावर आला होता. काठचा गाळ सुकून त्याला भेगा पडल्या होत्या, आत ओला गाळ, आणि त्याच्या आत तांबूस पाणी. बायका टोपल्या घेऊन करंजाच्या सावलीत बसल्या होत्या. माणसं पाण्यात उतरून जाळ्याच्या दोन्ही बाजूंनी उभी राहत होती, आणि मला पाहून दोघातिघांनी हाक मारली, “ये ना गा साहेब.” चिडवत होते, पण प्रेमानं. मी चपला काढल्या. गरम माती तळव्यांना लागली. सोमवार माझ्या डोळ्यांसमोर अगदी स्पष्ट उभा होता, नवी टाकी, तिचं चकचकीत पोलाद, आणि ती पहिल्यांदा चालू करणारा मी. त्यासाठी मी पोती फोडली होती, टाक्या धुतल्या होत्या, वाढदिवस, लग्नं, बाबांचा लकवा, सगळं शिफ्ट आणि आकड्यांमागे लोटलं होतं. आणि पाणीही तेवढंच स्पष्ट होतं. मी चपला परत घातल्या. मग परत काढल्या. इतक्या वर्षांत मी मोठमोठे निर्णय आलेखावर बोट ठेवून घेतले आहेत, लोक माझ्या निर्णयाची वाट बघत उभे राहिले आहेत, आणि इथे मला चपलांचं काही ठरवता येत नव्हतं.

परसरामकाकांनी आवाज द्यायला सुरुवात केली. श्रावणचं घर. हाव. गोविंदाचं घर. हाव. प्रत्येक हावनंतर थोडी हलकी लाट काठाला येत होती. आमच्या आधी कोणकोण आहे हे मला पाठ होतं. मी स्वतःला सांगत होतो की आता, आता पाय उचलायचा. खरंच सांगत होतो. टेकचंदचं नाव घेतलंच नाही. मग काकांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, “आसारामचं घर.” मी तोंड उघडलं. हावऽ असा आवाज आला तो माझ्या खालून, पाण्याकडून. बाबा काठी पाळीवर टाकून कधी खाली उतरले होते मला कळलंच नाही. गुडघाभर गाळात डाव्या हातानं तोल सावरत ते पुढे जात होते, आणि उजवा हात पाण्यावर ओल्या कापडासारखा तरंगत होता. दोघे जण सरकले, मध्ये जागा झाली. श्रावणनं दोराचा पीळ त्यांच्या डाव्या खांद्यावर घातला. माय माझ्या मागे आली आणि हळूच म्हणाली, “हात खाली कर बापू. लोक पाहून राहिले.” तेव्हा मला दिसलं की माझे दोन्ही हात छातीसमोर वर होते, बोटं सुटी, कशालाही न लागलेली. दोन दारांच्या मधल्या खोलीत उभं राहावं तसा मी आमच्या तलावाच्या पाळीवर उभा होतो.

ओढ नेहमीपेक्षा सावकाश झाली. सगळी माणसं बाबांच्या एका पायाच्या चालीनं चालत होती, आणि तसं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. पाणी त्यांच्या गळ्याशी आलं तेव्हा मी एक पाऊल खाली टाकलं. जाळं आवळत आलं, रोहू आणि कतला उसळू लागल्या, बायका टोपल्या घेऊन धावल्या. त्या गडबडीत बाबा आमच्या बाजूच्या काठाशी आले. चढ निसरडा होता. ते दोनदा घसरले. छातीपर्यंत गाळ, भिवईतून पाणी, आणि तोंडावर हसू. परसाल माझ्या तोंडावर होतं तेच असणार. त्यांनी डावा हात वर केला. हाताला शेवाळ होतं, बोटातून थोडं रक्त येत होतं. मी वाकलो. किती वाकलो होतो, हात किती पुढे केला होता, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. मी खूपदा वाकून पाहिलं आहे मनात, कधी पोचतो, कधी पोचत नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“तू नोको,” ते म्हणाले. “सोमवार हाय तुया.”

मग तो हात त्यांनी परसरामकाकांकडे केला. काकांनी ओढून त्यांना वर घेतलं, आणि मायनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. वाटा झाला. आमच्या टोपलीत इतरांएवढ्याच मासोळ्या पडल्या. टोपली मायनं उचलली, काठी बाबांनी उचलली, आणि मी त्यांच्या मागून चालत आलो.

सोमवारी मी सूट घातला. एकही घडी चुकली नाही. प्लेट टेकवून घेताना बोटं जराही हलली नाहीत, घेणाऱ्या मुलीनं तसं म्हटलंसुद्धा. मग वाट पाहणं. त्या दिवसांत घरी फोन केला तर बाबांना ताप होता, बोटाला सूज आली होती, साकोलीच्या डॉक्टरला दाखवलं म्हणे. माय म्हणाली, उतरून राहिला आता, तू नको काळजी करू. शुक्रवारी रक्षानं प्रयोगशाळेत बोलावलं. तिनं सगळ्या प्लेट एकेक करून दिव्यासमोर धरल्या. उजवा हात, डावा हात, मनगटं, कपाळ. सगळीकडे तो पिवळट थर होता, सपाट, स्वच्छ, त्यावर बोटांच्या पुसट खुणा. ती माझ्यापेक्षा जास्त खूश झाली होती.

“बघ,” ती म्हणाली, “काहीच नाही तुझ्या हातावर.”

मी पुन्हा एकदा उजव्या हाताची प्लेट घेतली आणि बराच वेळ पाहत राहिलो. खरंच काही नव्हतं.